अर्जात खाडी नव्हती

मोटारीचा विमा ऑनलाइन काढणं आता इतकं सरावाचं झालंय की त्यासाठी वेगळी सवड काढावी लागत नाही. गाडीचा नंबर टाकला की मॉडेल, वर्ष, मागची पॉलिसी सगळं स्क्रीनवर आपसूक येतं. पैसे भरले की दोन मिनिटांत कागद मेलवर. बोटीचं तसं होत नाही. बोटीचा विमा शोधायला बसलं की बहुतेक ठिकाणी आपला फोन नंबर घेतात आणि ‘आमचे प्रतिनिधी संपर्क करतील’ म्हणून थांबवतात. सुरुवातीला याची चीड येते. बाबांच्या बोटीचा विमा काढून झाल्यावर मात्र माझं ठाम मत झालंय की हा मधला वेळ आपल्या फायद्याचा आहे, फक्त तो वापरता आला पाहिजे.

आम्ही दिवाळे कोळीवाड्यातले. पाम बीच रोड संपतो तिथे, बेलापूरच्या किल्ल्याच्या बाजूला आमचं गाव. बाबांची बोट फायबरची, मागे बाहेरून अडकवलेलं आउटबोर्ड इंजिन. आजोबांच्या वेळी लाकडाची होडी होती, ती मी फक्त फोटोत पाहिली आहे. आता बोट दादा चालवतो, सोबत दोन खलाशी असतात, आणि बाबा गुडघ्यांमुळे कमी जात असले तरी भरती-ओहोटीचं गणित अजून त्यांनाच विचारतात. मी बेलापूरलाच एका ऑफिसात हिशेब बघते, त्यामुळे घरातले सगळे अर्ज, सगळे ओटीपी, सगळे पासवर्ड माझ्याकडे. विम्याचं कामही माझ्याकडेच आलं.

आमच्या घरात विम्याचा विषय निघाला तो वादळांमुळे. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्यावर आलं. पुढच्याच वर्षी १७ मे ला तौक्ते मुंबईच्या बाजूने गुजरातकडे सरकलं. वादळाची सूचना आधी मिळाली होती, बोटी आत आणून दुहेरी दोर लावून, एकमेकींना टायरांचा टेका देऊन बांधल्या होत्या. तरी वारा इतका होता की त्या बांधलेल्या जागी एकमेकींवर आदळत राहिल्या. शेजारच्या काकांच्या बोटीची एक बाजू वरपासून खालपर्यंत तडकली. पंचनामा झाला, पुढे मदतही आली. पण मदत म्हणजे भरपाई नव्हे, हे तेव्हा सगळ्या वाड्याला कळलं. आलेले पैसे आणि नवा सांगाडा यांच्यातलं अंतर काकांनी काकूंचे दागिने ठेवून भरून काढलं. त्यानंतर आईने जेवताना एकदा सरळ विचारलं, ‘गाडीचा इमा हाय, माणसांचा हाय, मग जिच्यावर घर चालतं तिचा का नाय?’ याला कोणाकडे उत्तर नव्हतं.

अर्ज उघडला तेव्हा बाबा शेजारी बसले होते. मालकाचं नाव, बोटीचं नाव, लांबी, बांधणीचं वर्ष, इंजिनाची ताकद, नोंदणी क्रमांक. इथपर्यंत काही अडलं नाही. मत्स्यव्यवसाय विभागाची नोंदणी आणि परवाना आता ‘रिअलक्राफ्ट’ या केंद्राच्या पोर्टलवर होतो, त्यामुळे कागद हाताशी होते, आणि आयएनडी-एमएच ने सुरू होणारा तो लांबलचक नंबर बोटीवर दादाने स्वतःच्या हाताने रंगवलेला आहे. पुढचा प्रश्न आला, बोट कोणत्या पाण्यात चालते? उत्तरं तीनच: नदी, तलाव, समुद्र.

बाबांनी चष्मा वर केला. ‘खाडी खंय?’

खाडी नव्हती. आणि आमचं सगळं खाडीतच तर आहे. पनवेलची खाडी आणि ठाण्याची खाडी बंदराच्या पाण्याला मिळतात त्या टापूत आमची बोट फिरते. या पाण्याचा स्वभाव नदीसारखा नाही आणि उघड्या समुद्रासारखाही नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला भरती साडेचार-पाच मीटरपर्यंत चढते, अष्टमीच्या आसपास भांग असतो तेव्हा पाणी जेमतेम हलतं. सुकतीला पाणी उतरलं की मैलभर चिखल उघडा पडतो, त्यात जुन्या डोल जाळ्यांचे खुंट, तुटलेल्या नांगरांचे फाळ, पुलांच्या बांधकामात टाकून दिलेलं लोखंड, सगळं डोकं वर काढतं आणि भरतीला पुन्हा दिसेनासं होतं. एका बाजूला तिवरं, दुसऱ्या बाजूला पुलांचे खांब. वर ऐरोलीपर्यंत गेलं तर फ्लेमिंगोचं अभयारण्य, ज्याला २०२२ साली महत्त्वाच्या पाणथळ जागांचा आंतरराष्ट्रीय रामसर दर्जा मिळाला. खाली घारापुरी ओलांडली की मोठी जहाजं, टगबोटी आणि त्यांच्या लाटा. बोटीला इथे जे काही होऊ शकतं ते यातल्या कुठल्या ना कुठल्या गोष्टीमुळे होतं. विमा कंपनीला बोटीची जोखीम मोजायची असेल तर नेमकं हेच विचारायला हवं, आणि नेमकं हेच अर्जात नव्हतं.

‘समुद्र’ निवडलं असतं तर हप्ता चढला असता. ‘नदी’ निवडलं असतं तर हप्ता उतरला असता, आणि घारापुरीच्या पलीकडे काही झालं असतं तर हातात काहीच आलं नसतं. आम्ही काहीच निवडलं नाही. खाली ‘इतर माहिती’चा रकाना होता त्यात बोट कुठून सुटते, कुठपर्यंत जाते, कोणत्या महिन्यांत जात नाही, ओहोटीला कुठे बसते हे बाबांनी सांगितलं तसं लिहिलं. दोन दिवसांनी कंपनीतून फोन आला. बोलणारी मुलगी पुण्याची होती, तिने मोकळेपणाने विचारलं की ‘ओहोटीला बसते’ म्हणजे काय. पाणी उतरलं की बोट तळ टेकून चिखलात बसते, हे मी समजावलं. तिने ते तिच्या वरिष्ठांना समजावलं. शेवटी पॉलिसीच्या मसुद्यात बोटीची हद्द ठिकाणांच्या नावांसह लिहून आली. एका रकान्यावर टिचकी मारून हे झालं नसतं. त्या फोनमुळे झालं, आणि फोनवर बोलायला आमच्याकडे लिहिलेलं काही होतं म्हणून झालं.

हद्दीवर मी एवढा जोर देते कारण पाण्यावरच्या विम्याचा सगळा इतिहासच मुळी वाटेच्या हिशेबाचा आहे. याज्ञवल्क्य स्मृतीत कर्जावरच्या व्याजाचे दर दिलेत, त्यात रानावनातून व्यापार करणाऱ्याला शेकडा दहा आणि समुद्रावर जाणाऱ्याला शेकडा वीस. धोका जास्त म्हणून दर जास्त, हा हिशेब तेव्हाही होता. पुढे आपल्या पश्चिम किनाऱ्यावरच्या व्यापाऱ्यांमध्ये जोखमी हुंडी चालायची. माल भरलेलं जहाज सुखरूप पोहोचलं तर हुंडीचे पैसे मिळणार, जहाज बुडालं तर हुंडीही बुडाली. हुंडी घेणारा सावकार पैसे आधी मोजायचा आणि जहाज, ते चालवणारा तांडेल, मोसम, वाट हे सगळं बघून किती कापून घ्यायचं ते ठरवायचा. म्हणजे तो विमाच उतरवत होता. लंडनमध्ये सतराव्या शतकाच्या अखेरीला एडवर्ड लॉइडच्या कॉफीच्या दुकानात जहाजमालक आणि जोखीम घेणारे बसू लागले ते याच कामासाठी. आपल्याकडे आयुर्विमा सोडून इतर विमा उतरवणारी इंग्रजी पद्धतीची पहिली कंपनी, ट्रायटन, १८५० साली कलकत्त्यात निघाली. या सगळ्या माणसांमध्ये एक गोष्ट समान होती. जहाज कुठल्या पाण्यातून जाणार हे विचारल्याशिवाय त्यांच्यातला कोणीही पैशाला हात लावत नव्हता.

म्हणून अर्जात माहिती भरताना आपण कंपनीचं काम करतोय असं समजू नये. आपल्या देशात बोटीच्या विम्याला १९६३ चा सागरी विमा कायदा लागतो. तो इंग्लंडच्या १९०६ च्या कायद्यावरून घेतलेला आहे आणि त्याचा पाया परम विश्वासाचा आहे. जोखमीवर परिणाम करणारी जी गोष्ट मालकाला माहीत आहे, किंवा धंद्यात असल्यामुळे माहीत असायला हवी, ती त्याने न विचारता सांगायची. लपवली तर कंपनी करारच रद्द करू शकते, मग नुकसान त्या गोष्टीमुळे झालेलं असो वा नसो. पॉलिसीत ‘वॉरंटी’ म्हणून जे येतं ते तर आणखी कडक. ते आपण कंपनीला दिलेलं वचन असतं आणि ते तंतोतंत पाळावं लागतं. वचन मोडलं त्या क्षणापासून कंपनी मोकळी, मागाहून चूक सुधारली तरीही. ज्या इंग्लंडकडून आपण हा नियम घेतला त्यांनी २०१५ च्या कायद्याने तो सैल केला. तिथे आता वचन मोडलेलं असेल तेवढ्याच काळापुरतं संरक्षण थांबतं, सुधारल्यावर परत सुरू होतं. आपल्याकडे जुनाच नियम आहे. लहान बोटवाल्यांवर हा अन्याय आहे असं मला मनापासून वाटतं, आणि तो बदलेपर्यंत प्रत्येक ओळ वाचूनच होकार द्यायला हवा.

आमच्या बोटीची एक गोष्ट सांगण्यासारखी होती. काही वर्षांपूर्वी ती एका खुंटावर चढली होती आणि पुढच्या बाजूला, पाण्याच्या रेषेखाली, तळहातापेक्षा थोडी मोठी जागा कापून नव्याने फायबर भरलं होतं. वरून रंग इतका बेमालूम बसलाय की सांगितल्याशिवाय दिसत नाही. अर्जात प्रश्न होता: पूर्वी काही नुकसान किंवा दुरुस्ती? ओळखीतल्या एका एजंटने फोनवर सल्ला दिला, ‘नाही टाका हो, कोण बघायला येतंय?’ बाबांनी फोन माझ्या हातातून घेतला आणि म्हणाले, ‘बोट माझी हाय. तिला काय झालंय ता मी सांगणार.’ दुरुस्तीचं वर्ष, जागा, कोणी केली, सगळं लिहिलं.

त्यामुळे पाहणी लागली. हप्त्यावर थोडा फरकही पडला. पण त्या पाहणीची सकाळ मला फार मोलाची वाटते. मासेमारीच्या पावसाळी बंदीचे दिवस होते, बोट वर ओढून ओंडक्यांवर ठेवलेली. सर्वेक्षक साठीचे असतील, पूर्वी जहाजांवर इंजिनिअर होते. त्यांनी आधी बोटीभोवती नुसती एक फेरी मारली. मग खिशातून एक लहानशी हातोडी काढली आणि पुढच्या टोकापासून बोटीच्या अंगावर टकटक करत, वीतभर अंतराने, मागे मागे जाऊ लागले. फायबरचे थर आतून घट्ट असतील तर आवाज टणक येतो. थर सुटले असतील, आत पाणी शिरलं असेल तर आवाज बद्द येतो. बाबा त्यांच्या मागोमाग कान देऊन चालत होते. दुरुस्तीच्या जागेवर हातोडी पडली तेव्हा दोघेही थांबले. पुन्हा एकदा, मग कडेने चार ठिकाणी. आवाज टणक. ‘काम चांगलं केलंय,’ सर्वेक्षक म्हणाले. नंतर ते मागे इंजिनाच्या पाटाजवळ आले आणि तिथे, जिथे आम्हाला कोणालाच शंका नव्हती, एका कोपऱ्यात आवाज बद्द आला. इंजिनाच्या हादऱ्याने तिथला थर सुटायला लागला होता. त्यांनी खडूने गोल केला, अहवालात लिहिलं, दुरुस्तीला मुदत दिली. भर समुद्रात इंजिनासकट तो पाट निखळला असता तर काय झालं असतं याचा विचार दादाने त्या दिवशी पहिल्यांदा केला.

आता पॉलिसीत काय येत नाही त्याबद्दल, कारण मालकांची सगळ्यात मोठी निराशा तिथेच होते. आपल्याकडच्या बऱ्याच पॉलिसींना लंडनच्या इन्स्टिट्यूट क्लॉजेस, म्हणजे ठरावीक छापील अटी, जोडलेल्या असतात. हौशी आणि लहान बोटींसाठीच्या १९८५ च्या (यॉट क्लॉजेस), मच्छीमारी बोटींसाठीच्या १९८७ च्या. पॉलिसीच्या पहिल्या पानावर त्यांचा फक्त नावाने उल्लेख असतो. मजकूर वेगळा मागवावा लागतो, आणि तो मागवावाच. यॉट क्लॉजेसमध्ये आउटबोर्ड इंजिन सुटून पाण्यात पडलं तर भरपाई नाही, असं स्पष्ट लिहिलंय. इंजिन चोरीला गेलं तर भरपाई आहे, पण ते नेहमीच्या पकडीशिवाय आणखी एका चोरीविरोधी साधनाने बोटीला जखडलेलं असेल तरच. आमच्या धक्क्यावर निम्म्या बोटींना असं कुलूप नाही. कोणी मुद्दाम टाळलंय असं नाही, तेवढी एक ओळ कोणी वाचून दाखवलेली नाही इतकंच. दादाने त्याच आठवड्यात स्टेनलेस स्टीलची साखळी आणि कुलूप आणून लावलं आणि त्याचा फोटो पावतीसकट कंपनीला मेल केला.

रोजची झीज, नेहमीची गळती, लाकडाचं आपसूक कुजणं, यंत्राचं आपलं आपण बिघडणं हे १९६३ च्या कायद्यातच वगळलेलं आहे. त्याच यादीत उंदरांनी केलेलं नुकसानही आहे. पावसाळ्यात बोट वर ओढून ताडपत्रीखाली ठेवणाऱ्याला उंदीर काय करू शकतात ते वेगळं सांगायला नको. वायरी, नळ्या, जाळी, काही सोडत नाहीत. जाळी बहुतेक पॉलिसींत मुळातच धरत नाहीत, हवी तर वेगळी मागावी लागतात आणि मिळतीलच असं नाही. आणि ओहोटीला बोट रोज चिखलात बसते त्याने तळाला जी घासण होते ती झीज. बुडालेल्या खुंटावर आदळून भोक पडलं तो अपघात. दोन्ही खुणा तळालाच असतात आणि लांबून सारख्याच दिसतात, म्हणून दरवर्षी बोट वर आली की तळाचे तारखेसह फोटो आणि एक सलग व्हिडिओ काढून ठेवायचा. दावा करायची वेळ आली तर आधी तळ कसा होता याला दुसरा पुरावा नसतो.

बंदीच्या दोन महिन्यांत विमा कशाला, बोट तर जागेवर आहे, असं बरेच जण म्हणतात आणि पॉलिसीची मुदत मे अखेरीला संपू देतात. मला हे पटत नाही. निसर्ग जूनमध्ये आलं होतं, आणि वर ओढलेल्या बोटीलाही झाड, पत्रे, आग आणि उधाणाचं पाणी यांचा धोका असतोच. त्या काळापुरता बोट बाहेर असल्याचा वेगळा, कमी दर देणाऱ्या पॉलिसी असतात, तो मागून घ्यावा. पण त्यात बोट अमुक तारखेपर्यंत पाण्यात उतरणार नाही असं वचन असतं. नारळी पौर्णिमेच्या घाईत ती तारीख विसरून चालणार नाही.

एवढं सगळं बोटीचं. बोटीवरच्या माणसांचं यात काहीच आलेलं नाही, आणि माझा जीव खरा तिथे अडकतो. बोटीच्या सांगाड्याचा विमा खलाशाच्या जिवाला लागत नाही. आमच्याकडचे दोघेही दूरच्या गावचे, घरी पैसे पाठवणारे. अर्ज भरताना त्यांचा विषय आपोआप निघत नाही, तो आपण काढावा लागतो. त्यांच्यासाठी मालकाची जबाबदारी वेगळ्या पॉलिसीत धरतात. त्याशिवाय प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत मच्छीमारांचा गट अपघात विमा आहे: मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर ५ लाख, कायमचं अंशतः अपंगत्व आलं तर अडीच लाख, इस्पितळाचे २५ हजारांपर्यंत. हप्ता केंद्र आणि राज्य मिळून भरतात, मच्छीमाराने फक्त नाव नोंदवायचं. मच्छीमार सोसायटीत जाऊन यादीत आपल्या खलाशांची नावं आहेत का ते मालकाने स्वतः बघावं. आमच्या यादीत दादाचं नाव होतं आणि त्या दोघांचं नव्हतं. त्यांची नावं कशी आणि कुठे घालता येतील त्याच्या कागदांमागे मी अजून आहे.

आणि दुसऱ्याच्या माणसांचं? १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली, माणसं गेली. त्या पाण्यातून दादा नेहमी जातो. २०२२ साली बेलापूरहून वॉटर टॅक्सी सुरू झाली, ऐरोलीहून पर्यटक फ्लेमिंगो बघायला बोटीने जातात, या पाण्यात आता माणसांची वर्दळ वाढली आहे. अंतर्देशीय जलमार्गांवर चालणाऱ्या यांत्रिक नौकांना २०२१ च्या कायद्याने तिऱ्हाइताच्या मृत्यू, इजा आणि नुकसानीचा विमा सक्तीचा केलाय. मच्छीमाराने तो सक्ती आहे की नाही एवढंच बघून थांबू नये. आपल्या बोटीमुळे कोणाला इजा झाली तर ती भरपाई बोट विकूनही भागत नाही. तिऱ्हाइताच्या भरपाईची ती जोडणी मी पॉलिसीत घेतली. सांगाड्याच्या मानाने तिचा हप्ता फार नव्हता.

पैसे भरण्याबद्दल थोडंच. १९३८ च्या विमा कायद्याच्या कलम ६४ व्हीबी प्रमाणे हप्ता कंपनीला मिळाल्याशिवाय जोखीम सुरू होत नाही. खात्यातून पैसे गेले आणि स्क्रीनवर ‘प्रलंबित’ दिसतंय, अशा स्थितीत बोट पाण्यात सोडू नये. पॉलिसी क्रमांक आणि सुरुवातीची तारीख-वेळ छापलेला कागद हातात आला की मगच विमा आहे असं धरावं. तो कागद आला की बोटीचं नाव, नोंदणी क्रमांक, इंजिनाचा क्रमांक, हद्द आणि जोडण्या प्रस्तावाशी ताडून बघाव्यात, चूक दिसली तर फोन न करता मेल करावा. फोनवरचं बोलणं पुढे कोणी मानत नाही. आणि वाद झालाच तर विमा नियामकाचा १५५२५५ हा क्रमांक आणि ‘बीमा भरोसा’ पोर्टल आहे. त्यापुढे विमा लोकपाल. वैयक्तिक आणि लहान व्यावसायिकांच्या तक्रारी तिथे वकिलाशिवाय, फी न भरता चालतात.

सध्या शेजारच्या त्याच काकांची बोट माझ्यासमोर आहे. तौक्तेनंतर त्यांनी जुनी लाकडी बोट घेतली, सागवानी, आत बसवलेलं डिझेल इंजिन. अर्जात किंमत लिहायची आहे. लाकडी बोटीला शोरूमची किंमत नसते. काकांनी ज्याला घेतली तो आकडा एक, आज तशी बांधायला लागेल तो त्याच्या कितीतरी पट, आणि विकायला काढली तर येईल तो तिसराच. कायद्यात ठरवलेल्या किमतीची पॉलिसी असते. दोघांनी मिळून जी किंमत पॉलिसीत लिहिली ती, लबाडी नसेल तर, बोट पूर्ण गेल्यावर कोणी फिरवू शकत नाही. म्हणून हा आकडा आत्ताच नीट बसवायला हवा. कमी लिहून हप्ता वाचवला तर काकूंचे दागिने पुन्हा गहाण पडतील, उगाच फुगवला तर कंपनी पहिल्याच फेरीत शंका घेईल. काका म्हणतात, ‘पोरी, तुला बरा वाटंल तो लिव.’ मी तसं करणार नाही. उरणकडच्या दोन बोट बांधणाऱ्यांकडून लेखी अंदाज मागवलेत: लाकूड, मजुरी, खिळे, कापूस-डांबर, इंजिन बसवणं, सगळं वेगवेगळं मांडून. एकाचा आलाय. दुसऱ्याचा आला की दोन्ही जोडून प्रस्ताव पाठवायचा आणि पाहणीची तारीख बोट पाण्यात उतरायच्या आधीची मागायची.